भुरीले जागा नाही

मी मूळची दिघोरीची. माहेर बी तेच अन् सासर बी तेच, बोडीच्या, म्हंजे गावतळ्याच्या, या काठावर बाप अन् त्या काठावर सासरा, मंग तुमीच सांगा, रुसून जाव म्हटलं तरी बाईनं कुठं जाव? धानाचा गाव आमचा. रोवण्याच्या दिवसात आमी बाया चिखलात वाकून गाणे म्हणत रोवत जावो, अन् मले वाटे का जिंदगी अशीच वाकूनसाकून निघून जाईन. पण नाही निघाली. माहे मालक काविळीनं गेले. तवा माही चंद्री अंगणात रांगे. अन् मंग माह्या ध्यानात आलं का हे लेकरू वळून पाहात नाही. मागून हाका मारा, ताट वाजवा, दिवाळीत फटाके फोडा, काही नाही. जन्माचीच बहिरी, अन् कानच नाही त बोलणं कुठून येते? सासू म्हणे हे आली अन् माहा पोरगा खाल्ला. आता रांगत्या लेकराचा त्यात काय दोष? काय सांगू तुमाले, आज बी आठवलं का माह्या तळपायाची आग मस्तकात जाते.

त्याच साली वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, भुरी भेटली. कुत्रीचं एवढंसं पिल्लू, मातीच्या रंगाचं, माय मेली होती तिची. चंद्री तिले सोडेच ना. एका ताटात खाये, एका गोणपाटावर झोपे. मी ओरडली, मारलं बी, पण मंग एक दिवस पाह्यलं का मी पडवीतून हाक मारली अन् भुरीनं कान उभे केले, अन् तिचे कान पाहून चंद्रीनं मान वळवली. कोणी शिकवलं नाही, बापा. आपल्या आपण. मंग त भुरी तिच्या फ्राकेले तोंडात धरून ओढत आणे माह्याजवळ. बैलबंडी आली का आडवी होये. लोकाले वाटे कमलाबाई कुत्र्याचे लाड करते. मी कायचे लाड करते? ते माह्या पोरीचे कान होते, दुसरे नव्हते तिच्याजवळ.

माहा देर, मालकाचा भाऊ, म्हणे वावर मी पाहीन, तू खा-पी अन् राहा, पण या मुकीचं नाव माह्यासमोर काढू नको. मी म्हटलं, जथी लेकराचं नाव नाही चालत तथी माह्यं पोट बी नाही चालत. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या साली चंद्रीले अन् भुरीले घेऊन मी लाखनीले आली. गावची एक बाई तथल्या धानगिरणीत कामाले होती, तिनं मले बी लावून देलं. धान उकडलं का पटांगणात पसरवाचं, पायानं फिरवाचं, सांजेले गोळा कराचं. गिरणीवाल्यानं पोते ठेवाच्या पडवीत झोपू देलं, पण सांगून देलं का नवा धान आला का जागा खाली कर.

मंग निघाली मी खोली पाहाले. अन् काय पाह्यलं मी, बाप्पा!

पहिल्यांदा गेली एका मास्तरच्या घरी, रिटायर झालेला माणूस, बोलणं मोठं गोड. ये बाई, बस बाई, खोली पाह्य बाई. खोली चांगली होती, खिडकी होती. तेवढ्यात चंद्री अन् भुरी फाटकातून आत आल्या. मास्तर एकदम उभाच झाला. म्हणे आमच्या घरी देवधरम हाय, कुत्रं आंगणात आलं का विटाळ होते. अन् त्याची मांजर देवघराच्या उंबऱ्यावर अंग चाटून राहिली होती! मी म्हटलं, गुरुजी, हे मांजर? म्हणे मांजराची गोष्ट येगळी हाय. काय येगळी हाय? मांजर काय गंगेत आंघोळ करून येते का? पण म्हटलं नाही तवा. गरजवंताले तोंड नसते.

मंग एका किराणावालीकडे गेली. तिनं पहिले इचारलं नवरा कुठं हाय. म्हटलं नाही. पोरगी? मुकी हाय. कुत्री? ते माही हाय. मादी काय? हव. त ते बाई डोळे बारीक करून म्हणे, नाही बाई, भादवा आला का गावभरचे कुत्रे माह्या दारात, अन् कुत्रे त कुत्रे, उद्या माणसं बी येतीन. अशी बोलली. बाईच बाईले अशी बोलली. ते मले बोलली का भुरीले बोलली मले आज बी समजलं नाही, पण मी तिच्या दुकानातून मिठाचा खडा बी कधी घेतला नाही त्याच्यानंतर.

किती दारं पाह्यली म्हणून सांगू. कोणी म्हणे पिसवा होतीन, कोणी म्हणे चावन. एक जण म्हणे खोली घेऊन घे अन् कुत्रीले पोत्यात घालून सोडून दे कुठं बी, असा म्हणे जसा का जुना खराटा फेकाचा हाय.

शेवटी सडकेवर एक टायरवाला होता, बाबूराव, त्यानं दुकानामागची खोली देली. म्हणे कुत्री आंगणात बांधून ठेवाची. म्हटलं ठेवीन. लाखनीची सडक तुमाले माहीत हाय, रायपूरचे ट्रक अन् नागपूरचे ट्रक, दम नाही सडकेले. मी गिरणीत गेली का चंद्री भुरीजवळ बसून राहे, मले घोर नसे.

एक दिवस मी कामावरून येऊन राहिली होती, त सडकेच्या मधात माही पोरगी उभी. एकटी. इकडं पाहे, तिकडं पाहे, अन् मागून ट्रक हारनवर हारन मारत येऊन राहिला. हारन कोणाले ऐकू येते? मी ओरडली, अन् माह्यं ओरडणं बी कोणाले ऐकू येते? ट्रकवाल्यानं चाक फिरवलं अन् गाडी सडकेखाली घातली म्हणून माही पोरगी वाचली. त्यानं मले आईबहिणीवरून शिव्या देल्ल्या. मी पाया पडली त्याच्या.

घरी येऊन पाहाते त खुट्याले दोरीच होती, भुरी नव्हती. बाबूराव म्हणे पळाली असन. पळाली त दोरीची गाठ कोणं सोडली? तो टायरले हवा भरत बसला. दुसऱ्या दिवशी विहिरीवर त्याच्या बायकोनं मले हळूच सांगतलं, कमलाबाई, माह्यं नाव घेऊ नको, पण आमच्या ह्यायनं, गिऱ्हाइकावर भुंकते म्हणून, भुरीले ट्रकवाल्याजवळ देल्ली, भंडाऱ्याच्या बजारात सोडून दे म्हणे. माह्या पोरीचे कान कापून सडकेवर फेकले अन् वरून म्हणे पळाली असन!

मी कामावर गेलीच नाही. चंद्रीले घेतलं अन् एसटीनं भंडाऱ्याले गेली. एवढं मोठं शहर, ते कचेरीकडं, ते बसस्टँडकडं, ते भांड्याच्या दुकानायकडं, सारीकडं पितळ ठोकाचा आवाज, रिक्षावाले बोंबलून राहिले. कुत्रे त गल्लीगल्लीत. मी भुरी, भुरी करत फिरली, माहा गळा बसला. भांड्याच्या लाइनीत चंद्रीनं माहा हात सोडला, उभी राहिली, अन् तोंड उघडलं. कसा आवाज काढला तिनं, माय! भुऽऽ असा. जन्मात तिच्या तोंडून आवाज मी ऐकला नव्हता असा. दुकानदार हासले, एकानं नक्कल बी केली. अन् तेवढ्यात एका दुकानाच्या पायरीखालून भुरी निघाली, लंगडत, पोट जमिनीले लावून, अन् चंद्रीच्या पायात येऊन पडली. मी तथंच सडकेवर बसून रडली, लाज नाही वाटली मले.

आता परत जाव त कंडक्टर म्हणे कुत्रं चालत नाही. मी म्हटलं, दादा, त्या बुढीजवळ बकरी हाय, त्या माणसाच्या टोपल्यात कोंबड्या हाय, मंग हेच काहून नाही? म्हणे कायदा हाय. त ते बकरीवाली बुढी सीटवरून उठली. सगुणाबाई नाव तिचं, हे मले मंग समजलं. म्हणे, ए कंडक्टर, माही बकरी उतरव मंग पहिले. उतरव ना, तिचे शिंग पाह्यले नाही काय तू? गाडीतले लोक हासले, ड्रायव्हर म्हणे बसू दे बा, टाइम होऊन राहिला. बसलो आमी.

रस्त्यानं बुढीनं सारं इचारलं. मी सांगतलं. ऐकून म्हणे, लाखनीतच माह्या घरी बकऱ्याचा कोठा हाय, सारवून घे अन् राहा. मी म्हटलं कुत्री हाय आजी, मी बिनमालकाची हाय, पोरगी मुकी हाय. सारं पहिलेच सांगून टाकलं, थकली होती मी सांगून सांगून. बुढी म्हणे, मंग काय झालं? मी बी बिनमालकाचीच हाय.

सामान आणाले बाबूरावकडं गेली. म्हणे एका कुत्रीपायी पक्कं घर सोडून कोठ्यात राहाले जातं काय? मी सडकेवर सारे लोक उभे असतानी म्हटलं, तुह्या पक्क्या घरात राहून माही पोरगी ट्रकाखाली मेली असती, अन् तू हवा भरत बसला असता. त्याच्या बायकोनं पदराआडून माह्याकडं पाह्यलं.

आता या गोष्टीले वर्षं झाली. भुरी म्हातारी होऊन मेली, सगुणाबाई बी गेली. तिचा लेक मले जाय म्हणत नाही, मी त्याच कोठ्यात हाय, आता कुडाची भिंत पाडून मातीची केली. चंद्रीचं लगन साकोलीकडं झालं, जवाई शिलाई करते, तिच्याशी हातानं बोलते, चांगला हाय. परवा कोणीतरी म्हणे बाबूरावनं अंथरूण धरलं, जाऊन ये, झालं गेलं सोडून दे. मी काहून जाऊ? त्यानं एकदा तरी म्हणाव होतं का चुकलं. मी त्याचं वाईट चिंतत नाही, पण जाणार बी नाही.

तुमी बी भाड्याच्याच खोलीत राहता म्हणता ना? मंग देव करो अन् तुमाले सगुणाबाईसारखी घरमालकीण भेटो. बसा, जाऊ नका, चहा झालाच.