बॅरिटोनची बायको

...नाही, तुम्हीच सांगा, बायकोनं कादंबरी लिहिली तर माझी कुठं ना आहे? पण त्यातल्या नवऱ्याला बॅरिटोन करावं? तेही आमच्या ऑपेरावेड्या पार्मात, जिथं शेंबडं पोरसुद्धा सांगेल की ऑपेरात उंच गळ्याचा टेनर म्हणजे प्रियकर, त्याच्या खालच्या पट्टीतला बॅरिटोन म्हणजे आडवा येणारा नवरा, आणि पार खर्जातला बास म्हणजे बाप नाहीतर पाद्री! आणि बॅरिटोनची बायको, तुम्हाला सांगतो, शेवटच्या अंकापर्यंत नवऱ्याजवळ टिकत नाही!

ओर्नेलाला विचारलं, "नवरा बॅरिटोनच का गं?" चीज किसता किसता म्हणते, "मग काय टेनर करू? आरशात बघ, एर्मेते!" "बरं, टेनर कोण मग?" "अजून यायचाय." यायचाय! म्हणजे दार उघडंच ठेवलंय की बाईनं! तेव्हापासून बेल वाजली की मी आधी दाराला कान लावतो. पोस्टमन बोलला, कुठल्या पट्टीत? पाववाला गुणगुणतो, वर जातो की काय मेला? सवीनो न्हाव्याकडे रडलो, ऑपेराच्या गॅलरीत माझ्या शेजारी बसून भल्याभल्या गवयांची हुर्यो उडवणारा माणूस तो, तर वस्तरा माझ्या गळ्याला लावून म्हणतो, "लेका, बॅरिटोनची बायको..." माहितीय रे मला!

म्हटलं, कादंबरी संपायच्या आत आपणच टेनर व्हायचं! लागलो उंच आवाजात बोलायला. "ओर्नेलाऽऽ, मीठ देऽऽ!" नुसता रेकत होतो हो... आणि घसा असा बसला की कुत्र्यालाही हाक मारता येईना. ओर्नेला घाबरली, मफलर गुंडाळला, डॉक्टरला बोलावलं. नवा डॉक्टर, तरणा, केस असे मागे वळवलेले... झालं, आला टेनर! मी डोळेच मिटले. तो वाकला आणि म्हणाला, "आऽऽ करा." खर्ज! विहिरीतून आल्यासारखा! बास, देवा, बास! वाचलो!

तो गेला. ओर्नेला लिहायला बसली. म्हणते, "टेनर रद्द! सगळेच करतात. माझा नायक बास!"

मी कसाबसा घोगरलो, "आणि मी?"

"तुला कुठं आवाज राहिलाय? तू भालेवाला. मागं उभं राहायचं, तोंड उघडायचं नाही."

म्हटलं, चला, सुटलो एकदाचा. भालेवाल्याला बायकोच नसते... मग पळून जाणार कोण?