शीलाच्या गाडीचा कूलर

दिग्रसच्या स्टँडवर यवतमाळच्या बसच्या रांगेत माझ्यापुढे दोघं उभे होते.

"किसनभाऊ, लागू पडला एकदाचा कूलर गाडीले!"

"औंदा कापसाले भाव नाही, अन् नीळकंठ, तुले कूलर सुचून राह्यला?"

"घरातला कूलर नाही, भाऊ! आपली गाडी जुनी, ऑटोमॅटिक. चढावर गिअरचं ऑइल तापे अन् गाडी जागीच बसे. दसऱ्याच्या आधी समोर एक जाळी लावली. ऑइल तिच्यातून फिरते, वाऱ्यानं थंडं होते."

"मंग दसऱ्याले घाटात काहून बंद पडलती?"

"पूजा केलती न! जाळीवर झेंडूचा हा एवढा हार बांधला, हवाच जाये नाही. मिस्त्री हार तोडत म्हणे, साहेब, हार देवाले घाला, इले श्वास घेऊ द्या."

"त्यापेक्षा साधा गिअरच बसवून टाकायचा. सगळे मिस्त्री तेच सांगत होते."

"साध्या गिअरले क्लच लागते, भाऊ. शीलाचा डावा पाय लहानपणापासून उचलत नाही."

"हो रे बाबा, वहिनीच्या पायाचं मी इसरलोच."

"आज चढली घाट! एका दमात! आत्ताच यवतमाळहून फोन आला."

"कोणाचा?"

"कोणाचा म्हणजे? शीलाचा!"

"अन् तू इथं रांगेत?"

"मी दार उघडून बाजूले बसलो, त म्हणे, उतरा. आज मी एकटीच जातो."