शेवटच्या थांब्यावर न उतरलेली पोर

(पोलादपूर तालुक्यातल्या एका मिनीडोर चालकाच्या तोंडून ऐकलेलं)

वाडीचं नाव तेवढं नका लिहू, बाकी काय लिहायचं ते लिहा. पोलादपूर तालुक्यात, डोंगराच्या अंगाला चाळीस घरांची आमची वाडी, तिथंच माझा जन्म, नववीपर्यंत शिकलो, मास्तरशी भांडलो नि शाळा सुटली, डोकं पहिल्यापासून गरम माझं, मंग बिरवाडीला चौघांत एक खोली घेऊन बारा वर्षं कंपनीत ड्रम ढकलले, तिथं सुपरवायझरशी भांडलो नि घरी आलो. बायको बोलली, आता जिथं भांडायला दुसरा माणूस नाय असं काम बघा. म्हणून मिनीडोर घेतली. सहा सीटची गाडी, बसतात दहा, ते पण लिहू नका.

सकाळी पोरं पोलादपूरला हायस्कूलला सोडायची, संध्याकाळी परत आणायची, पंधरा वर्षं हेच. गाडीत बसली की पोरं ड्रायव्हरला विसरतात, काय काय बोलतात, सगळं माझ्या कानावर येतं, पण मी कधी मध्ये पडलो नाय. पडलो ते एकदाच, नि ते पण आधी चुकीच्या बाजूनं.

तर ही पोर, खरं नाव नको, सानिका म्हणा. दहावीला होती, तिचा बाप माझा चुलतभाऊ. एका संध्याकाळी वाडीत गाडी थांबली, सगळी उतरली, ही उतरेना, दप्तर मांडीवर घेऊन बसलेली. बोललो, काय गो, घर विसरलीस काय. तर बोलली, काका, थोडा वेळ बसू दे. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी वैतागलो, गाडी बंद केली नि ओरडलो, उतरतेस की नाय, मला गाडी धुवायची हाय. तशी ती रडायला लागली. बोलली, बाबांनी लग्न ठरवलंय, पोरगा मुंबईला असतो, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा, परीक्षा झाली की उरकणार. मला शिकायचंय काका. आणि मंग खाली मान घालून बोलली, कोणी नाय ऐकलं तर मला जगायचंच नाय.

काय सांगू तुम्हाला, त्या दिवशी गाडी धुवायची राहिली.

आता आमच्यात कसं हाय, काय पण झालं तरी पहिलं गावकीत न्यायचं. बांधाचं भांडण असो, पाण्याचं असो, देवळासमोर सहाण हाय, पालखी टेकवायचा ओटा, तिथं गावकी बसते नि तिचा शब्द शेवटचा. मोडला तर वाळीत, म्हणजे तुमच्याशी कोणी बोलायचं नाय, तुमच्या मयताला पण यायचं नाय. मला वाटलं, गावकीनं एकदा भावाला दम दिला की संपलं. मी स्वतः सहाणेवर नारळ ठेवून गावकी बोलावली नि चारचौघांत सगळं बोललो, पोर रडून काय बोलली ते पण. आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. म्हातारे बोलले, पोर गाडीवाल्याजवळ असलं बोलते म्हणजे हाताबाहेर चालली, परीक्षेची वाट कशाला बघता, येत्या रविवारीच उरका. भाऊ खालच्या मानेनं हो बोलला. मी मदतीला गेलो नि लग्न दोन महिने अलीकडं आणून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ती गाडीला आली नाय. शाळा बंद केली तिची. दारात उभी होती, माझ्याकडं नुसतं बघितलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

पोरं सोडली नि तसाच शाळेत तिच्या वर्गाच्या बाईंकडं गेलो. बाई मला रागावल्या, सहाणेवर कशाला नेलंत, आधी इथं यायचं ना, पोरीनं तुम्हाला विश्वासानं सांगितलं होतं. खरंच बोलल्या. तिथंच त्यांनी मुलांच्या हेल्पलाईनला फोन लावला, मंग मला घेऊन ग्रामसेवकांकडं आल्या, बोलल्या, लहान वयातलं लग्न थांबवायचा अधिकार ह्यांना हाय. पंधरा वर्षं त्या माणसाला गाडीतून नेतोय, मला वाटायचं हा फक्त घरपट्टीचा. पोलीस ताई पण आल्या. बाई मला बोलल्या, तुमचं नाव कुठं येणार नाय. पण वर वाडीत जायचं कशानं? ग्रामसेवकांची मोटारसायकल, माणसं तीन, नि आमच्या वाडीला जाणारी गाडी एकच, ती माझी. म्हणजे सगळ्यांना दिसणार. मी चहा घेऊन बसलो, चहा गार झाला. डोळ्यांसमोर वाळीत नि बायको. मंग ती मागची सीट दिसली, तीन दिवस पोर तिथं बसली होती. बोललो, बसा.

घरासमोर गाडी लावली तर अर्धी वाडी जमली. पोलीस ताईंनी नीट समजावलं, गुन्हा कोणाकोणावर पडतो, लग्नाला उभे राहणारे म्हातारे पण त्यात येतात. एक म्हातारा मला बोलला, आजपासून तू गावकीत नाय. मी बोललो, बरं. भावानं लिहून दिलं की अठराच्या आत लग्न करणार नाय. आणि निघताना गाडीजवळ आला, मला वाटलं आता मारतो, तर बोलला, दादा, मला पण नको होतं रे, स्थळ गावकीतनंच आलं, सहाणेवर नाय म्हणायची हिंमत नव्हती, आता सांगीन सरकारनं अडवलं. नि रडला. छातीवरचा धोंडाच उतरला माझ्या, मी पण रडलो तिथं, सगळ्यांसमोर.

पण बाई तेवढ्यावर सोडेनात. बोलल्या, लग्न थांबलं, पण जगायचं नाय बोलली ना पोर, ते तसं टाकून चालत नाय. महाडला सरकारी दवाखान्यात समुपदेशन करणाऱ्या ताई बसतात, त्यांच्याकडं दर आठवड्याला मी नि भाऊ तिला घेऊन जायचो, बाहेर बाकड्यावर बसायचो. सुरुवातीला पोर डोळे सुजवून बाहेर यायची. मंग एक दिवस बाहेर आली नि बोलली, काका, वडापाव खाऊया का. भावानं तिला दोन खायला लावले.

सानिका परत शाळेत जायला लागली, पण ती नि भाऊ सोडून पाच महिने वाडीतलं कोणी माझ्या गाडीत बसलं नाय, पोरं पण खालच्या रस्त्यापर्यंत चालत जायची. मंग पोलीस ताई येऊन सांगून गेल्या, वाळीत टाकणं हा पण गुन्हा हाय. पहिला कोण आला सांगू, तोच म्हातारा. बसला नि बोलला, पोलादपूर. मी पण जास्त बोललो नाय, नेला. माझ्यासारख्या माणसानं तोंड बंद ठेवलं, बायकोचा विश्वास बसत नव्हता.

आता गाडीत सीटच्या समोर हेल्पलाईनचा नंबर मोठ्या अक्षरात चिकटवलाय. एखादं पोर शेवटच्या थांब्यावर उतरलं नाय तर मी गाडी बंद करतो नि गप बसतो, ओरडत नाय. बोललं तर ऐकतो, सहाणेवर नेत नाय, त्याला विचारतो, बाईंकडं जाऊया का. त्यानंतर दोघीतिघी अशा बसून राहिल्या, सगळ्या बऱ्या हायत.

सानिका आता बारावीला हाय, महाडला हॉस्टेलला राहते, शनिवारी माझ्याच गाडीनं घरी येते. गाडी पुरती थांबायच्या आत उडी टाकते, मी ओरडतो, अगो हळू, पडशील. ऐकते कुठं, घराकडं पळत सुटते, मागं वळून पण बघत नाय. नको बघू दे, बाय माझी, सुखी राहू दे. मी रिकामी सीट बघतो नि गाडी धुवायला घेतो.