दहा लाख एकाले भाग जाते!

...मूळ हाय म्हंते! दहा लाख एक, मूळ संख्या! म्हंजे एक अन् ती सोता सोडून तिले कोनानंच भाग जात नाई म्हंते! आता तुमीच सांगा, मी काऊन ऐकून घ्यू? मी वंदना, उंद्रीत पिठाची गिरणी चालवते, धाव्वी शिकली, गणितात पास झाली, तेही पह्यल्या झटक्यात! अन् माही काजल, आठवीतली, चिखलीच्या गणित स्पर्धेत एका मार्कानं दुसरी आली, कायच्यानं? त पोरीनं पेपरात लेह्यलं, दहा लाख एक मूळ नाई, अन् त्याच्यावर लाल फुली! घरी आली, जेवली नाई, नुसतं येवढंच म्हने, "आई, भाग जाते वं, म्या करून पाह्यला." बस! भाग जाते म्हंजे जाते!

वही पाह्यली तिची. तीननं भागलं, बाकी दोन. सातनं, दोन. अकरानं, दोन! तेरानं, तरी दोन! म्या म्हनलं हे संख्या हाय का पाहुनी, ज्याच्या घरी जेवाले बसते तिथं ताटात दोन घास ठेवूनच उठते! मंग सतरानं बाकी दहा, पुढं एकोणीस, तेवीस... पानं संपली, पोरगी थकली नाई, सत्त्यान्नवपर्यंत नाई त नाई, अन् मंग एकशे एक. बाकी शून्य! तुमाले सांगते, अंगावर काटा आला!

उचलली वही, धरला पोरीचा हात, गाठली चिखली. तिथं भालचंद्र सर, पेपर काढणारेही तेच अन् तपासणारेही तेच. चष्मा पुसत म्हंते, "हे पाहा बाई, शंभराच्या आतल्या सगळ्या मूळ संख्यांनी मी स्वतः भागून पाहिलंय. एकीनंही भाग जात नाही."

"अन् शंभराच्या पुढं?"

"पुढं कशाला जायचं?"

काऊन? पुढं रस्ता उखडला काय, सर?

काजल हळूच म्हने, "सर, हजारापर्यंत पाहा लागते. हजार गुणिले हजार दहा लाख होते, म्हनून."

"मोठ्यांच्या मधे बोलू नये!"

बस, इथंच माहं टकुरं फिरलं! खडू घेतला, फळ्यावर लेह्यलं, नऊ हजार नऊशे एक. याची शंभरपट करा सर... नऊ लाख नव्वद हजार शंभर. आता त्यात अजून एक डाव नऊ हजार नऊशे एक टाका, झाली एकशे एक पट. किती भरले? बोला ना! सर फळ्याकडं पाहे, चष्मा काढे, चष्मा घाले...

"दहा लाख... एक."

मोठ्यानं म्हना! भाग जाते का नाई?

"...जातो."

जाते म्हंजे जाते! फुली खोडली, मार्क देल्ला, पह्यल्या आलेल्या श्रद्धासंग माही काजलही पह्यली! येताना एस्टीत पोरीनं दोन समोसे खाल्ले, अन् माहा अर्धाही!

अन् सर निघताना काय म्हंते? "बाई, पुढच्या वर्षी पेपर तुम्हीच तपासा." हाव म्हनलं, भेते काय मी! औंदा आले गठ्ठे. दळण बाजूले, पेपर मांडीवर, तपासले सारे, निकालही लागला. अन् काल गिरणीच्या दारात एक बाई, पदर खोचलेला, डोळे वटारलेले, संग रडवेली पोरगी. म्हंते, "माह्या पोरीच्या उत्तराले लाल फुली कोनं मारली?"

म्या चुपचाप गिरणी बंद केली, तिले खुर्ची देल्ली अन् म्हनलं, "बसा माय, पानी घ्या... माहंच चुकलं असंन."