भिंतीकडून सातवी

राखणदार : राहू द्या ताई, तिथलं गवत आज उपटू नका.

शिंपीण : का हो काका? साप निघाला की काय?

राखणदार : साप नाही. तसंच.

शिंपीण : तुम्ही वर्षात एकदा विळा हातात घेणार, आणि वर मलाच नको म्हणणार? बघा, आईच्या अंगावर गुडघाभर वाढलंय. शाळेच्या गणवेशांचा ढीग मशीनवर तसाच टाकून आलेय मी.

राखणदार : फाटकावरची नोटीस वाचलीत का?

शिंपीण : वाचली ना, आत्ताच आत येताना. भिंतीलगत गटाराची लाइन जाणार, चौतीस ते चाळीस नंबरच्या कबरी हलवणार, आज अकरापर्यंत कोणी आलं नाही तर सगळ्यांना एकाच खड्ड्यात टाकणार. धस्स झालं हो. मग नंबर नीट बघितले. आईचा सात, तो या टोकाला. सुटले बाई.

राखणदार : जरा बसा.

शिंपीण : बसायला वेळ कुठाय?

राखणदार : बसा म्हणतो ना. आई गेली तेव्हा तुम्ही आला होतात इथे?

शिंपीण : कुठली! बाळंतीण होते मी, परगावी. बाबांनीच सगळं केलं. दोन वर्षांनी आले, तर पाटी होती समोर. तेव्हापासून सात वर्षं एक महिना चुकवला नाही. तुम्हीच साक्षीला आहात.

राखणदार : बाबा काय सांगायचे? कुठे ठेवलंय म्हणायचे?

शिंपीण : बाबा शेवटी शेवटी काहीही बोलायचे. म्हणायचे, भिंतीजवळ ठेवलंय तिला, पाठ टेकायला बरी. आता इथून भिंत कुठे राहिली… काका, असं काय बघताय?

राखणदार : बाबांचं बरोबर होतं.

शिंपीण : म्हणजे?

राखणदार : तुम्ही यायच्या आधीच्या वर्षी कोणी मोठे साहेब बघायला यायचे होते. तीन वर्षं गवताला माणूस दिला नव्हता, आणि आदल्या दिवशी थेट मशीन घातलं. नंबरच्या पाट्या, खुंट्या, सगळं आडवं. म्हणाले, संध्याकाळपर्यंत परत लाव. मी एकटा. एक नंबरपासून लावत सुटलो, पण या टोकाकडून. एक नंबर भिंतीपाशी होता.

शिंपीण : चाळीसच्या चाळीस उलट्या?

राखणदार : चाळीसच्या चाळीस.

शिंपीण : थांबा. म्हणजे आई भिंतीकडून सातवी. तिच्यावर आता चौतीसची पाटी आहे.

राखणदार : हो.

शिंपीण : कधी कळलं तुम्हाला?

राखणदार : त्याच दिवशी. वीस-बावीस लावून झाल्यावर.

शिंपीण : मग उपटल्या का नाहीत? पहिलं बटण चुकीच्या काजात गेलं तर माणूस सगळी काढून पुन्हा लावतो. तसाच सदरा घालून आठ वर्षं नाही फिरत!

राखणदार : खरं सांगू? इथे येतंय कोण? चाळिसांत वर्षाकाठी चार माणसं फिरकत नाहीत. म्हटलं, कोणाला काय कळणार. मग तुम्ही यायला लागलात. दर वेळी ठरवायचो, आज सांगू. जीभच रेटायची नाही.

शिंपीण : लेकीचा पहिला दात पडला, ते इथे येऊन सांगितलं मी. बाबा गेले, ते सांगितलं. नवऱ्याने हात उचलला, ते तर जगात दुसऱ्या कोणालाच सांगितलं नाही. कोणाला सांगत होते मी? कोण आहे इथे?

राखणदार : चौतीस नंबर. सरकारी दवाखान्यातून आणलेला म्हातारा. बेवारस. नावसुद्धा नाही.

मुकादम : (फाटकाकडून येत) काय रे, गप्पा काय मारतोस? खोदायचं मशीन फाटकात उभं आहे. चौतीस ते चाळीसचं कोणी आलं? नाही ना? मग सही कर इथे.

शिंपीण : मी आलेय. चौतीस नंबर. ही घ्या आईच्या दफनाची चिठ्ठी.

मुकादम : यावर सात लिहिलंय, बाई. सात इथे आहे, तुमच्या पायाशी. त्याला कोणी हात लावत नाही. चौतीस बेवारस आहे.

शिंपीण : काका, सांगा यांना.

मुकादम : काय सांगायचंय? अरे बोल की. मिठाची गुळणी धरलीस का?

राखणदार : ताई, रिटायर व्हायला चार महिने राहिलेत माझे. फाटकाजवळची खोली आहे, बायको अंथरुणाला खिळलेली…

शिंपीण : तुमची खोली जाईल तेव्हा जाईल. माझी आई आत्ता जातेय.

(फाटकात मशीन सुरू झाल्याचा आवाज.)

राखणदार : पाट्या उलट्या आहेत, मुकादम. मी लावल्या. सगळी रांग उलटी आहे.

मुकादम : शुद्धीवर आहेस ना? लेखी द्यावं लागेल हे.

राखणदार : देतो. आणि एकट्या ताईंचं नाही. भिंतीपाशी आणखी जे सहा जण आहेत, त्यांच्या घरच्यांना वाटतंय आपलं माणूस सुखरूप आहे. म्हणून तर कोणी आलं नाही. मशीन माघारी पाठवा.

मुकादम : आणि वर कोणतं तोंड दाखवू मी?

राखणदार : माझं दाखवा.

मुकादम : …दोन दिवस. जास्त एक तास नाही. तेवढ्यात रांग सरळ कर आणि त्या सहांच्या घरी जाऊन सांग. तू स्वतः जा. अरे ए, बंद कर ते मशीन!

राखणदार : गेला. चला ताई, आईची जागा दाखवतो.

शिंपीण : तुमच्याशी यापुढे बोलेन की नाही, सांगता येत नाही मला.

राखणदार : नका बोलू.

शिंपीण : विळा आणा.

राखणदार : भिंतीकडे कंबरभर वाढलंय. ते मी काढतो.

शिंपीण : काढा. तोवर मी हे इथलं उरकते. अर्धंच झालंय. आणि चौतीसची पाटी आधी इकडे आणा. खोल ठोका.

राखणदार : पण ताई, इथे तुमचं कोणी नाही.

शिंपीण : सात वर्षांचं सगळं यालाच ठाऊक आहे, काका. आईला अजून काहीच माहीत नाही.