मांडीतलं रक्त

कोर्टाच्या कँटीनमध्ये चहाच्या रांगेत माझ्यापुढे दोघी उभ्या होत्या. एक काळ्या कोटातली वकील, दुसरी तिची अशील.

"वकीलताई, मी खरंच सुटले? न्यायाधीश निकाल वाचत होते तेव्हा मला काही ऐकूच येत नव्हतं."

"निर्दोष सुटलीस! आता तरी डोळे पूस."

"पण मामंजींच्या रक्तात हृदयाचं औषध तिप्पट निघालं होतं. मलाच वाटायला लागलं होतं, गोळ्या देताना माझाच हात चुकला."

"ते रक्त हृदयातलं होतं. माणूस गेला की हृदयाच्या स्नायूत साठलेलं औषध तिथल्या रक्तात झिरपतं आणि आकडा फुगतो. मांडीतल्या रक्तात हा फरक फारसा पडत नाही. तो नमुना लॅबमध्ये पडून होता, मी भांडून तपासून घेतला."

"त्यात किती निघालं?"

"डॉक्टरांच्या डोसाला साजेसं, तेवढंच! मामंजी आजारानेच गेले गं."

"देवा! सासूबाईंना कळलं का?"

"त्या दाराशी उभ्या आहेत. मला म्हणाल्या, सुनेला लवकर सोडा, माझी बीपीची गोळी राहिली आहे."

"स्वतः घेतली नाही?"

"तुझ्याच हातून घ्यायची म्हणतात."

"मग चहा तुम्हीच प्या, ताई. मी निघाले!"