बियाण्याच्या कप्प्यापाशी

बसा, बसा मंडळी! मागच्यांनी पुढं या — पुढं यायला काही तिकीट नाही! आणि तो फोन… हां, तोच — तो खिशात घाला. देव समोर उभा असताना आणखी कुणाचा फोन यायचाय तुम्हाला?

तर आजचा सवाल ऐका. ज्या कामानं चार माणसांत आपलं नाव झालं, ते काम एक दिवस आपल्याच्यानं होईना — तर काय करावं? सांगावं, की झाकावं? थांबा, थांबा! "सांगावं महाराज" म्हणायला इथं मांडवात सोपं आहे. आधी धुरपताबाईचं ऐका, मग बोला.

माझ्या आईचं माहेर गिरणेच्या काठी. कांद्याचं गाव! तेव्हाच्या कांदा साठवायच्या चाळी तुम्ही पाहिल्या नसतील. तुरकाठ्यांचा कूड, वर उसाच्या पाचटाचं छप्पर, आणि तळ जमिनीपासून उचललेला — खालून वारा खेळला पाहिजे! आता लोखंडी चाळी आल्या, पत्रे आले, चांगलंच झालं. पण त्या पाचटाखालचा तो कोरडा, उग्र, जरासा गोड वास… काय सांगू मंडळी, अजून आठवला की जीव कासावीस होतो.

त्या गावात ही धुरपताबाई. पुंजारामाची आई, कौतिकची सासू. काय तिचा दरारा! उन्हाळी कांद्याच्या माना पडल्या, पात आडवी झाली, की ही बांधावर हजर. "पाणी तोडलं का? मग उपटा आता!" उपटलेला कांदा असा पसरायचा, की एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर आली पाहिजे. "झाका गं, उन्हानं भाजेल तो!" पात कापताना बोटभर मान ठेवायची. आणि पुंजारामानं लांबूनच कांदा पाटीत भिरकावला, तर संपलंच! "पुंज्या! तुला पाळण्यात मी असा फेकला असता तर?"

हसताय? पण तिचं खरं नाव होतं ते नाकासाठी! कांदा चाळीत गेला, की रोज सकाळी ही कुडाच्या कडेनं वास घेत चालायची. मध्येच थांबायची. "इथं हात घाल." हात घातला, की सडका कांदा बाहेर! एक सडका वेळेवर निघाला, म्हणजे शेजारचे वाचले. गावातले लोक बोलावून न्यायचे हो तिला. "मावशी, आमच्या चाळीला एक फेरी मारा!"

आणि त्या चाळीत एक वेगळा कप्पा होता — बियाण्याचा. धुरपताबाईनं लग्नात माहेरून बियाण्याची पुरचुंडी आणली होती. तेव्हापासून त्या घरात बाहेरचं बी आलं नाही. बारीक मानेचा, घट्ट, एकसारख्या रंगाचा कांदा ती स्वतः निवडायची. आणि घरचा नेम असा, की जिनं निवडला तिनंच राखायचा. त्या कप्प्याला दुसऱ्याचा हात लागायचा नाही! दिवाळीच्या सुमाराला तो लावायचा, त्याचं बी धरायचं. तो गेला, तर माहेरची सगळी निशाणी गेली.

एका ज्येष्ठात म्हातारीला ताप आला. डोकं जड, नाक बंद. ताप उतरला, नाक मोकळं झालं — पण वास? वास काही परत आला नाही! फुलाचा नाही, फोडणीचा नाही. आणि ती बोलली का कुणाला? छे! सकाळची फेरी चालूच! शेजाऱ्याच्या चाळीत अंदाजानं म्हणाली, "इथं हात घाल." निघाला कांदा — टणटणीत! शेजारी तोंडाकडे बघतोय. ही म्हणते, "बघ, वेळेत काढला म्हणून चांगला निघाला!"

मंडळी, हसा. पण ती घरी येऊन पदरात तोंड घालून रडत होती, हेही ऐका.

श्रावण लागला. दमट हवा. कौतिक चाळीपाशी गेली आणि थबकली. वास येतोय! कुठून? बियाण्याच्या कप्प्यातून! "आत्याबाई, जरा बघता का इथं?" म्हातारी कडाडली — "मला शिकवतेस? काल आलीस तू या घरात!" कौतिक मागं फिरली.

दुसऱ्या दिवशी चुलीवर दूध करपलं. सगळ्या घरात धूर आणि वास! आणि धुरपताबाई चुलीकडे पाठ करून शांतपणे लसूण सोलत बसलेली. कौतिकनं बघितलं. सगळं कळलं तिला.

आता सांगा, तुम्ही काय केलं असतं? नवऱ्याला सांगितलं असतं! शेजारणीला सांगितलं असतं! पाणवठ्यावर गाव हसलं असतं! तिनं काय केलं? दूध उतरवलं. सासूचा हात धरला. "चला आत्याबाई." चाळीपाशी नेलं, आणि तोच हात कप्प्यात घातला.

हात ओला झाला.

म्हातारी खाली बसली. "पोरी… मला वास येत नाही गं. तापापासून येत नाही. कुणाला सांगू? नाक गेलं, तर मग मी कोण?"

कौतिक म्हणाली, "तुम्ही निवडायचं. वास मी घेते."

दोघींनी कप्पा उपसला. काळा, पाणी सुटलेला कांदा! सगळ्यातून वाचला तो ओटीभर. म्हातारीनं एकेक कांदा पुसला, दाबून पाहिला, कौतिकच्या ओटीत घातला. आणि दुसऱ्या सकाळी तिला घेऊन सगळ्या गावात फिरली. दारोदार जाऊन म्हणाली, "माझं नाक गेलं बरं का! आता हिला बोलवा. माझ्यापेक्षा तिखट आहे हिचं!"

त्याच ओटीचं बी झालं मंडळी. कौतिक म्हणजे माझ्या आईची आई. माझ्या आईनंही लग्नात पुरचुंडी आणली, आणि आमच्या घरी अजून तोच कांदा आहे. हा उपरण्यात बांधून आणलाय — बघा! ती म्हातारी आणखी चार दिवस गप्प बसती, तर आज माझी गाठ रिकामी असती.

आता तुमच्याकडे येतो. ज्येष्ठ मंडळी, खाली बघू नका! कुणाला हिशेब जुळत नाही, कुणाला रात्री गाडी चालवताना दिसत नाही, कुणाचा भजनात सूर हलतोय. झाकताय ना? आत काय सडतंय, ते घरच्यांना कधीच कळलंय! आज घरी गेलात, की चपला काढायच्या आधी सांगून टाका. आणि लेकींनो, सुनांनो, मुलांनो — तुम्ही ओरडू नका. हात धरा, आणि कप्प्यापाशी घेऊन जा.

घ्या टाळ. आणि ज्याचा सूर हलतो, त्यानं आज मोठ्यानं म्हणा — बाकीचे सांभाळून घेतील! विठ्ठल, विठ्ठल!